साखळीचे कोडे आणि सनदीचा सवाल

गेल्या वर्षी एका शाळेने मला 'विज्ञानातील मुस्लिमांचे योगदान' या विषयावर बोलायला बोलावले होते. समोर मुले, मागे पालक. बोलता बोलता मी जोशात आलो आणि म्हणालो, "शून्य ही जगाला मुसलमानांनी दिलेली देणगी आहे." टाळ्या पडल्या. मलाही बरे वाटले.

कार्यक्रम संपल्यावर एक वयस्कर गृहस्थ जवळ आले. उर्दू हायस्कुलात तीस-पस्तीस वर्षे गणित शिकवून निवृत्त झालेले. सगळे त्यांना मास्टरसाहेब म्हणत होते. त्यांनी भाषणावर काहीच टीका केली नाही. चहाचा कप बाजूला ठेवून ते म्हणाले, "मियाँ, तकरीर छान झाली. आता माझं एक छोटंसं कोडं सोडवा. सोनाराकडे साखळीचे पाच तुकडे आलेत. प्रत्येक तुकड्यात तीन कड्या. सगळे जोडून एक सरळ, लांब साखळी करायची आहे. एक कडी कापून पुन्हा जोडायला जेवढी मजुरी पडते, ती कमीत कमी व्हावी. किती कड्या कापाल?"

मी लगेच उत्तर दिले, "चार. पाच तुकड्यांत जोड चारच."

ते हसले. "तीन. एक तुकडा पूर्ण उघडा. त्याच्या तीन सुट्या कड्या मिळाल्या. उरले चार तुकडे. चार तुकड्यांत जोड तीन. त्या तीन कड्यांनी जोडून टाका." मग जाता जाता म्हणाले, "हे कोडं कुणाचं, ते शोधून काढा. आणि शून्याची सनद पण शोधा. दोन्ही एकदम सांगा मला."

हा लेख म्हणजे त्या दोन्ही प्रश्नांचा गृहपाठ आहे.

एका शेतकऱ्याच्या सहा साखळ्या

साखळीचे हे कोडे आज स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांत सापडते, नोकरीच्या मुलाखतीत विचारले जाते आणि फॉरवर्ड होऊन मोबाईलवरही येते. पुस्तकात त्याच्यावर कुणाचे नाव नसते. पण ते आकाशातून पडलेले नाही.

त्याचा माग काढत गेले की आपण अमेरिकेत पोहोचतो. सॅम लॉइड (१८४१-१९११) हा तिथला सर्वांत गाजलेला कोडेकार. फिलाडेल्फियात जन्मलेला, न्यूयॉर्कमध्ये वाढलेला. आधी बुद्धिबळाची कूटे रचून त्याने नाव कमावले, मग वर्तमानपत्रांतून आणि जाहिरातींतून कोडी विकून पैसा. त्याच्या मृत्यूनंतर १९१४ साली त्याच्या मुलाने 'सायक्लोपीडिया' या नावाने त्याच्या कोड्यांचा जाडजूड ग्रंथ छापला.

लॉइडच्या कोड्यात सोनार नाही, शेतकरी आहे. त्याच्याकडे पाच-पाच कड्यांचे सहा तुकडे आहेत. त्याला तीस कड्यांची गोल, म्हणजे दोन्ही टोके जोडलेली साखळी हवी आहे. एक कडी कापायला ८ सेंट लागतात, ती पुन्हा जोडायला १८ सेंट. म्हणजे एका कडीमागे २६ सेंट. आणि बाजारात नवी कोरी गोल साखळी दीड डॉलरला, म्हणजे १५० सेंटला मिळते. शेतकऱ्याने स्वस्तातला मार्ग निवडला तर किती वाचतील?

कुणीही आधी असाच विचार करतो: सहा तुकडे, गोल करायचे म्हणजे सहा जोड, सहा गुणिले २६ म्हणजे १५६ सेंट. नव्या साखळीपेक्षा सहा सेंट महाग! मग जुनी दुरुस्त कशाला करा, नवीच घ्या. लॉइडने आकडे मुद्दाम असे बेतले आहेत की घाईत असलेला माणूस इथेच थांबावा. पण एक तुकडा पूर्ण सुटा केला तर पाच कड्या हाती येतात आणि तुकडे पाचच उरतात. पाच जोड, पाच गुणिले २६ म्हणजे १३० सेंट. वीस सेंट वाचले.

यातली युक्ती समजून घेण्यासारखी आहे. प्रत्येक जोडाला एक उघडी कडी लागते, हे टळत नाही. पण ती कडी कुठून घ्यायची, हे आपल्या हातात असते. प्रत्येक तुकड्याच्या टोकाची एकेक कडी उघडली तर तुकड्यांची संख्या तेवढीच राहते. एक तुकडा सबंध उघडला तर जोडायचा एक तुकडाच कमी होतो, म्हणून एक जोडही कमी होतो. सगळ्यांनी थोडे थोडे उघडण्यापेक्षा एकाने पूर्ण उघडणे इथे स्वस्त पडते.

डुडनीची साक्ष

इंग्लंडमध्ये त्याच काळात हेन्री डुडनी (१८५७-१९३०) नावाचा दुसरा मोठा कोडेकार होता. गणिताची बाजू पाहिली तर तो लॉइडपेक्षा सरस. त्याने १९१७ साली प्रसिद्ध केलेल्या 'अम्युझमेंट्स इन मॅथेमॅटिक्स' या पुस्तकात साखळीचे कोडे एक पायरी पुढे नेले. त्याच्याकडे नऊ तुकडे आहेत, सगळे सारख्या लांबीचे नाहीत, मिळून कड्या पन्नास. कडी उघडायला एक पेनी, बंद करायला दोन पेन्स. नवी गोल साखळी दोन शिलिंग दोन पेन्सला, म्हणजे २६ पेन्सला मिळते.

सरळ हिशेब केला तर नऊ जोड, २७ पेन्स. नव्या साखळीपेक्षा एक पेनी जास्त. लॉइडची युक्ती वापरून आठ कड्यांचा तुकडा सुटा केला तर आठ कड्यांत उरलेले आठ तुकडे जोडले जातात, २४ पेन्स. लॉइडचा वाचक इथे खूश होऊन थांबेल. डुडनी म्हणतो, अजून खाली जाता येते. तीन कड्यांचा एक आणि चार कड्यांचा एक, असे दोन तुकडे सुटे करा. सात कड्या मिळाल्या, तुकडेही सातच उरले. २१ पेन्स.

मला मात्र उत्तरापेक्षा डुडनीची सुरुवात अधिक महत्त्वाची वाटते. कोडे सांगण्याआधी तो स्पष्ट लिहितो की ही सुंदर कल्पना आधी सॅम लॉइडने हाताळली होती.

ही कबुली का महत्त्वाची? कारण या दोघांचे बिनसलेले होते. १८९० च्या दशकात दोघांनी एका इंग्रजी साप्ताहिकात मिळून काम केले, एकमेकांना कोडी पाठवली. पुढे आपली कोडी लॉइड स्वतःच्या नावावर छापतो, ही डुडनीची कायमची तक्रार झाली. ज्याच्यावर चोरीचा राग आहे, त्याच माणसाचे श्रेय डुडनीने त्याच्या मृत्यूनंतर छापून दिले. मित्राची साक्ष कधी कधी संशयास्पद असते. प्रतिस्पर्ध्याने दिलेली अशी साक्ष सहसा खरी निघते.

लॉइडला हा मोठेपणा जमला नाही. चौकटीत १ ते १५ आकड्यांच्या सोंगट्या सरकवून क्रमाने लावायचा खेळ आपण सर्वांनी लहानपणी खेळलेला आहे. १८८० च्या सुमारास या खेळाने अमेरिका आणि युरोपला वेड लावले. लॉइडने १८९१ पासून मरेपर्यंत तो आपणच शोधल्याचे सांगितले, आणि जगाने विश्वासही ठेवला. शेवटच्या दोन सोंगट्यांची, १४ आणि १५ ची, अदलाबदल करून दाखवणाऱ्याला त्याने हजार डॉलरचे बक्षीस लावले होते. ते देण्याची वेळ येणारच नव्हती, कारण ती अदलाबदल अशक्य आहे हे १८७९ मध्येच एका गणिती नियतकालिकात सिद्ध झाले होते. जेरी स्लोकम आणि डिक सोनेवेल्ड या दोन संशोधकांनी २००६ साली पुस्तक लिहून दाखवून दिले की या खेळाचा खरा कर्ता न्यूयॉर्क राज्यातल्या कॅनास्टोटा गावचा पोस्टमास्तर नॉइस चॅपमन होता. लॉइडचा त्याच्याशी काही संबंध नव्हता. चॅपमनला त्याचे श्रेय मिळायला शंभराहून अधिक वर्षे लागली.

म्हणजे एकाच माणसाची दोन रूपे: साखळीच्या कोड्यात त्याचा हक्क खरा, पंधरा सोंगट्यांच्या खेळात खोटा. कोणता खरा आणि कोणता खोटा, हे त्याच्या प्रसिद्धीवरून ठरत नाही. कुणी कुणाकडून घेतले, याची साखळी तपासावी लागते.

सोन्याची साखळी

ही तपासणी मुसलमानांना नवी नाही. हदीसशास्त्राचा पायाच तो आहे. प्रेषितांचे वचन सांगताना फक्त मजकूर सांगून भागत नाही. मी अमक्याकडून ऐकले, त्याने तमक्याकडून, अशी सांगणाऱ्यांची साखळी आधी द्यावी लागते. तिलाच सनद किंवा इस्नाद म्हणतात. साखळी अखंड असेल तर ती मुत्तसिल, मधली कडी गळाली असेल तर मुन्कती. इमाम बुखारी यांची अट तर अशी की साखळीतल्या लागून असलेल्या दोन माणसांची प्रत्यक्ष भेट झाल्याचा पुरावा हवा. इमाम मुस्लिम यांनी ही अट थोडी सैल केली: दोघे एका काळातले असावेत आणि भेट शक्य असावी, एवढे त्यांना पुरे. इमाम मालिक, त्यांना नाफे आणि नाफेंना इब्न उमर, या सनदीला तर 'सिल्सिलतुज-जहब' म्हणजे सोन्याची साखळी असे नावच पडले.

कुणी आपला खरा स्रोत लपवला, मधली कडी झाकून थेट मोठ्या माणसाकडून ऐकल्याचा भास निर्माण केला, तर त्याला तद्लीस म्हणतात. अशा माणसाचे नाव रिजालच्या ग्रंथांत नोंदवून ठेवले जाते. लॉइडने पोस्टमास्तर चॅपमनचे नाव नुसते झाकले नाही, पुसूनच टाकले.

आता स्वतःला विचारायचा प्रश्न: धर्माच्या बाबतीत एवढे कडक असणारे आपण, इतिहासाच्या बाबतीत इतके सैल का? मी व्यासपीठावरून जे बोललो, त्याची सनद काय होती? एक फॉरवर्ड झालेला मेसेज.

बुद्धिबळ कुणी शोधले?

आपल्या पूर्वजांची सवय मात्र वेगळी होती. तेराव्या शतकातले इब्न खल्लिकान (१२११-१२८२) हे दमास्कसचे काझी आणि मोठे चरित्रकार. त्यांच्या चरित्रकोशात अबू बक्र अस-सूलीवर एक टिपण आहे. सूली हा दहाव्या शतकातला बगदादचा नामांकित बुद्धिबळपटू. खेळात इतका तरबेज की बुद्धिबळ त्यानेच शोधले असे लोक समजू लागले होते. मुसलमान, अरबी लेखक, खलिफांच्या दरबारातला माणूस. इब्न खल्लिकान यांना हा समज तसाच वाढू देता आला असता. त्यांनी तो खोडून काढला. लिहिले की हा गैरसमज आहे, हा खेळ सिस्सा नावाच्या हिंदी माणसाने आपल्या राजासाठी रचला.

पुढे ती प्रसिद्ध गोष्ट येते. राजा खूश होऊन इनाम माग म्हणतो. सिस्सा म्हणतो, पटाच्या पहिल्या घरात गव्हाचा एक दाणा ठेवा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, असे चौसष्ट घरांपर्यंत दुप्पट करत जा. राजाला मागणी क्षुल्लक वाटते. हिशेब केल्यावर कळते की राज्यातले सगळे धान्य पुरणार नाही. इब्न खल्लिकान प्रामाणिकपणे सांगतात की त्यांचाही या आकड्यावर विश्वास बसला नव्हता. अलेक्झांड्रियाच्या एका हिशेबनीसाने कागदावर मांडून दाखवल्यावर त्यांना पटले. त्यांच्या अडीचशे वर्षे आधी अल-बिरुनीने हा आकडा काढून ठेवला होता: १,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१५.

सिस्सा हा खरा माणूस की कथेतला, हा वेगळा प्रश्न. कथेतलाच असावा. पण खेळ हिंदुस्थानातून आला हे सांगताना त्या काझीला आपली प्रतिष्ठा कमी झाल्यासारखे वाटले नाही, हे मला महत्त्वाचे वाटते.

शंभर पक्षी

कोड्यांचा प्रवास किती लांबचा असतो, ते आणखी एका उदाहरणातून दिसते. शंभर नाण्यांत शंभर पक्षी विकत घ्यायचे. पक्ष्यांच्या जाती वेगवेगळ्या, भाव वेगवेगळे. प्रत्येक जातीचे किती घ्याल?

पाचव्या शतकात चीनमध्ये झांग चिउचिएन याच्या ग्रंथात हे कोडे कोंबडे, कोंबड्या आणि पिल्ले यांच्या रूपात आहे. नवव्या शतकात ते आपल्या दख्खनमध्ये आहे. राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्षाच्या काळातले जैन गणिती महावीराचार्य यांच्या 'गणितसारसंग्रहा'त कबुतरे ३ पणांना ५, सारस ५ पणांना ७, हंस ७ पणांना ९ आणि मोर ९ पणांना ३ या भावाने मिळतात. राजपुत्राच्या करमणुकीसाठी शंभर पणांत शंभर पक्षी आणायचे आहेत. राष्ट्रकूटांची राजधानी मान्यखेट म्हणजे आजचे गुलबर्ग्याजवळचे मळखेड.

त्याच शतकाच्या उत्तरार्धात इजिप्तमध्ये अबू कामिल जन्मला. त्याने केवळ या पक्ष्यांच्या कोड्यांवर एक छोटे पुस्तक लिहिले. त्याची तक्रार अशी होती की लोक एक उत्तर अंदाजाने सांगतात आणि थांबतात. उत्तरे किती निघू शकतात, हे कुणी मोजत नाही. त्याने मोजली. एका कोड्याला एकच उत्तर, एकाला सहा, एकाला ९६, एकाला ३०४, आणि पाच जातींच्या पक्ष्यांच्या एका कोड्याला २,६७६. हा आकडा सांगितल्यावर लोकांनी त्याच्याकडे संशयाने पाहिले, असे तो स्वतः लिहितो. म्हणूनच त्याने रीत लिहून ठेवली, म्हणजे कुणालाही पडताळता यावे.

डुडनीने लॉइडच्या कोड्यात जे केले, तेच अबू कामिलने हजार वर्षांपूर्वी केले होते: मिळालेल्या पहिल्या उत्तरावर थांबायचे नाही.

हिसाब-उल-हिंद

आता मास्टरसाहेबांच्या दुसऱ्या प्रश्नाकडे. शून्याची सनद.

शून्य ही संख्या मानून तिच्या बेरीज-वजाबाकीचे नियम ब्रह्मगुप्ताने इ.स. ६२८ च्या 'ब्राह्मस्फुटसिद्धान्ता'त दिले. प्रेषितांच्या हयातीतले हे वर्ष आहे, हिजरी सनाचे सातवे. पुढे बगदादमध्ये खलिफा मामूनच्या काळात (८१३-८३३) अल-ख्वारिज्मीने हिंदी अंकांनी हिशेब कसा करायचा यावर पुस्तक लिहिले. मूळ अरबी पुस्तक आज उरलेले नाही, त्याचे लॅटिन रूप उरले आहे. त्याच्या नावापासूनच 'अल्गोरिदम' हा शब्द झाला. त्याच्या दुसऱ्या पुस्तकातील 'अल-जब्र' या शब्दापासून 'अल्जिब्रा'. या बीजगणिताच्या पुस्तकाचा मोठा भाग वारसा-वाटणीच्या उदाहरणांचा आहे. कुराणाने ठरवून दिलेले हिस्से, मृत्युपत्र, कर्ज, हे सगळे एकत्र आले की हिशेब गुंतागुंतीचा होतो. गणित घरातल्या वाटणीसाठी हवे होते, म्हणून ते वाढले.

पण हे अंक आपले आहेत, असे ख्वारिज्मीने म्हटले नाही. त्याच्या नंतरच्यांनीही नाही. अल-उक्लिदीसीने इ.स. ९५२-५३ मध्ये दमास्कसमध्ये लिहिलेल्या पुस्तकाच्या नावातच 'अल-हिसाब अल-हिंदी' आहे. कुशियार इब्न लब्बानच्या पुस्तकाचे नाव 'उसूल हिसाब अल-हिंद'. अरब देशांत वापरले जाणारे अंक आजही 'अरकाम हिंदिया' म्हणूनच ओळखले जातात. 'शून्य' म्हणजे रिकामे, त्याचा अरबी अनुवाद 'सिफ्र'. पिसाच्या लिओनार्डोने, म्हणजे फिबोनाचीने, उत्तर आफ्रिकेतल्या बुजिया बंदरात हे गणित शिकून १२०२ साली पुस्तक लिहिले. त्यातही तो हे नऊ अंक हिंदी लोकांचे आहेत आणि दहाव्या चिन्हाला अरब 'सिफ्र' म्हणतात, असे सांगतो. त्याने त्याचे 'झेफिरम' केले आणि पुढे झाले 'झिरो'.

केवढी स्वच्छ सनद आहे ही! ब्रह्मगुप्त, मग बगदाद, मग बुजिया, मग पिसा. प्रत्येकाने आपल्या आधीच्या कडीचे नाव घेतले. पुढे युरोपात त्यांना 'अरबी अंक' म्हणू लागले आणि एक कडी झाकली गेली. मी शाळेत भाषण करताना तीच झाकलेली कडी आणखी घट्ट झाकली. ख्वारिज्मीने जे कधी म्हटले नाही, ते त्याच्या नावाने मी म्हटले. मास्टरसाहेबांना नेमके हेच दाखवायचे होते.

याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. सगळे गणित आमच्याकडे आधीच होते आणि मधल्या हजार वर्षांत कुणी काहीच केले नाही, असे सांगणारे मेसेजही रोज येतात. त्यातही कडी झाकलेलीच असते. बगदाद वगळले तर ब्रह्मगुप्ताकडून पिसापर्यंत पोहोचायला रस्ताच उरत नाही. दोन्ही बाजूंचे लोक एकाच साखळीचा आपल्याला हवा तो तुकडा उचलतात आणि हीच पूर्ण साखळी म्हणून मिरवतात.

लीलावतीचा मोती आणि बीबी का मकबरा

ही साखळी उलट दिशेनेही फिरली आहे आणि ती आपल्या दारावरून गेली आहे.

भास्कराचार्यांनी ११५० साली 'लीलावती' लिहिली. लीलावती ही त्यांची मुलगी, तिच्या लग्नाचा मुहूर्त साधण्यासाठी घटिकापात्र ठेवले, तिच्या अंगावरचा मोती त्यात पडून छिद्र बुजले, मुहूर्त टळला, मग बापाने तिच्या नावाने ग्रंथ लिहिला, ही गोष्ट मराठी घराघरांत सांगितली जाते. तिची सनद शोधत गेलो तर ती अकबराच्या दरबारात पोहोचते. १५८७ साली अबुल फजलचा भाऊ आणि अकबराचा राजकवी फैजी याने 'लीलावती'चा फारसी अनुवाद केला, त्याच्या प्रस्तावनेत ही कथा आहे. मधे ४३७ वर्षांचे अंतर. हदीसवाले हिला मुन्कतीच म्हणतील. पण एका संस्कृत ग्रंथाभोवतीची सर्वांत लोकप्रिय गोष्ट आपल्याला एका फारसी कवीने सांगितली, हे मात्र खरे. या अनुवादानंतर चार वर्षांनी अकबराने त्याच फैजीला खानदेशचा राजा अली खान आणि अहमदनगरचा बुऱ्हाण निजामशाह यांच्याकडे वकील म्हणून पाठवले. त्याच खानदेशात, चाळीसगावजवळच्या पाटण इथे, भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याच्या मठाला १२०७ साली दिलेल्या दानाचा शिलालेख आहे. आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत, यासाठी तो मठ होता. तो लेख विद्वानांसमोर आणला मुंबईच्या डॉ. भाऊ दाजी लाड यांनी.

भास्कराचार्यांच्या 'बीजगणिता'चा फारसी अनुवाद शाहजहानच्या काळात, १६३४-३५ मध्ये झाला. अनुवादक अताउल्लाह रशीदी. ताजमहालचे शिल्पकार मानले जाणारे उस्ताद अहमद लाहौरी हे त्यांचे वडील. औरंगाबादच्या बीबी का मकबऱ्याच्या दरवाजावरील लेखात शिल्पकार म्हणून अताउल्लाह आणि अभियंता म्हणून हंसपत राय, अशी दोन नावे शेजारी शेजारी आहेत. हे अताउल्लाह म्हणजे तेच अनुवादक, असे मानले जाते. आपण मकबऱ्यासमोर फोटो काढतो, त्याला ताजची नक्कल म्हणून नाके मुरडतो. पण तो घडवणाऱ्याने तरुणपणी दख्खनच्या एका ब्राह्मण गणितज्ञाचे बीजगणित फारसीत नेले होते, हे किती जणांना ठाऊक आहे?

कडी उघडण्याची किंमत

अमेरिकेत १९७१ साली जेनेट सिल्व्हेरा या संशोधक महिलेने साखळीच्या कोड्यावर एक प्रयोग केला. तीन कड्यांचे चार तुकडे, कडी उघडायला २ सेंट, बंद करायला ३ सेंट, १५ सेंटमध्ये गोल हार करायचा. चारही तुकड्यांची एकेक कडी उघडली तर २० सेंट होतात. एक तुकडा सबंध सुटा केला की बरोबर १५. सलग अर्धा तास डोके खाजवणाऱ्यांपैकी ५५ टक्के लोकांना उत्तर सापडले. मधे अर्धा तास दुसरे काम करून परत आलेल्यांपैकी ६४ टक्क्यांना आणि चार तासांची सुटी घेतलेल्यांपैकी ८५ टक्क्यांना. अडलेल्या माणसाला आणखी जोर लावून फायदा होत नाही. हातातली चुकीची रीत सुटावी लागते. जो तुकडा आधीच जोडलेला आहे तो मोडणे मनाला पटत नाही, हीच खरी अडचण.

आपली अडचण तीच आहे. आपापला तयार तुकडा कुणाला मोडायचा नाही. 'आम्ही दिले' हा मुसलमानांचा तुकडा, 'आमचेच होते' हा दुसऱ्यांचा तुकडा. दोन्ही तुकडे घट्ट बंद आहेत, म्हणून जोडले जात नाहीत. इतिहासात जोडणी झाली ती ज्यांनी आपली कडी उघडली त्यांच्यामुळे: हिंदी हिशेब हिंदी म्हणून शिकवणारा ख्वारिज्मी, सूलीचे श्रेय काढून घेणारे इब्न खल्लिकान, संस्कृत पोथीपुढे बसलेला फैजी, भांडण विसरून लॉइडचे नाव लिहिणारा डुडनी. यातल्या कुणाचेही नाव त्यामुळे लहान झाले नाही.

महिन्याभरापूर्वी मास्टरसाहेबांना भेटून हा सगळा गृहपाठ ऐकवला. ते शांतपणे ऐकत होते. शेवटी एवढेच म्हणाले, "त्या शाळेतल्या मुलांना सांगितलंत का?"

नव्हते सांगितले. मग त्या शाळेच्या मुख्याध्यापकांना फोन केला, पुन्हा एकदा वेळ मागून घेतली. या वेळी सुरुवात साखळीच्या कोड्याने केली. चौथ्या बाकावरच्या एका मुलीने तीन हे उत्तर माझ्याआधी दिले. त्यानंतर मी मुलांना सांगितले की मागच्या वर्षी मी तुम्हाला एक गोष्ट चुकीची सांगितली होती. या वेळी टाळ्या पडल्या नाहीत. पण मुलांनी वह्या उघडल्या आणि फळ्यावरची चारही नावे उतरवून घेतली: ब्रह्मगुप्त, ख्वारिज्मी, उक्लिदीसी, फिबोनाची.